नाव नको, माप सांगा: जुन्या टेबल सॉचे हरवलेले भाग

वाळपईच्या एका तरुण सुताराने विचारलं आहे. बंद पडलेल्या एका वर्कशॉपातून त्याने दहा इंची ब्लेडची टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल ब्लेडवर लाकूड कापायचं मशीन, उचलली. टेबल बिडाचं, जाड. वर गंज आहे, पण कुठे चीर नाही. कंपनीची पाटी कधीच गेलेली. ब्लेड आवळणारा नट आणि बाहेरचा फ्लँज (ब्लेडला दाबून धरणारी चकती) नाही, फेन्स (लाकूड सरळ ढकलायला ब्लेडला समांतर लावायची पट्टी) नाही, मायटर गेज (टेबलाच्या खाचेतून सरकणारं, लाकूड हव्या कोनात धरणारं साधन) नाही, ब्लेडच्या फटीभोवतीची इन्सर्ट पट्टी नाही, गार्ड तर नाहीच. ब्लेड वर-खाली करायचं चाक अर्धं मोडलेलं. मोटर आहे, पण तिची पुली आणि पट्टा गायब. म्हापसा, पणजी, मडगाव फिरून झालं. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न, "कंपनी कुठली?" आणि तिथेच बोलणं संपलं. आता भंगारात घालावी का, असं त्याचं विचारणं आहे.

घालू नका. टेबल सरळ असेल आणि खालचा सांगाडा फुटलेला नसेल, तर जे हरवलंय त्यातलं बहुतेक सगळं गोव्यातच मिळेल किंवा करून घेता येईल. फक्त विचारायची पद्धत बदला. दुकानदार कंपनी विचारतो, कारण तुम्ही त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं. "टेबल सॉचं बेअरिंग द्या" म्हटलंत तर तो हात वर करणार. "बासष्ट झिरो चार, दोन्हीकडे रबर सील" म्हटलंत तर मागच्या फळीवरून डबी काढून समोर ठेवेल, आणि ते पाण्याच्या पंपाला लावता की आरीला हे विचारणारसुद्धा नाही. मशीन बनवणाऱ्यांनी बेअरिंग, पट्टा, चावी (पुली शाफ्टवर अडकवणारी बारीक पट्टी), सर्क्लिप (भाग जागेवर धरणारी कडी) सहसा स्वतः बनवले नाहीत. तेही बाजारातूनच आणायचे. त्यामुळे कंपनी बुडाली तरी माप बुडत नाही.

तेव्हा आधी आठ दिवस काही विकत घेऊ नका. रॉकेल, तारेचा ब्रश, व्हर्निअर आणि एक वही. प्रत्येक भाग पुसा, मापा, वहीत चित्र काढून माप लिहा. गोव्यात इथे एक घोळ असतो, तो आधीच सांगतो. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या मशीनांत तिन्ही गोत्रं निघाली: पोर्तुगीज काळात युरोपातून आलेली मिलिमीटरवाली, मुंबईमार्गे आलेली इंची विलायती, आणि एखाद्या तारवट्याने, म्हणजे बोटीवरच्या खलाशाने, हौसेने आणलेली अमेरिकन. दिसायला सगळी सारखीच हिरवी-करडी. फरक आट्यांत.

चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. विलायती व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, अमेरिकन जाड आट्यात १३. पाच सुतीला दोन्हींत ११च, पण व्हिटवर्थचा आटा ५५ अंशांचा आणि अमेरिकन ६०चा. मिलिमीटरवाला १६ चा बोल्ट पाच सुतीच्या इतका जवळचा (१५.८७५ आणि १६) की डोळ्याला कळतच नाही, त्याच्या आट्यातलं अंतर मात्र २ मिमी, पाच सुतीचं २.३ मिमी. एकाचा नट दुसऱ्यावर दीड-दोन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि मग अडतो. माणसाला वाटतं गंज असेल. तो पान्याला जोर लावतो, आणि मग नट आणि शाफ्ट दोन्ही जातात.

आटे मोजायचं गेज नसेल तर कागद पुरे. पातळ कागदाची पट्टी शाफ्टच्या आट्यांवर घट्ट गुंडाळा आणि मऊ शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. आट्यांच्या कडा काळ्या रेघा होऊन कागदावर उमटतात. कागद सरळ करून त्यावर स्टीलची पट्टी ठेवा आणि एका इंचातल्या रेघा मोजा. एक इंच पुरत नसेल तर अर्ध्या इंचातल्या मोजून दुप्पट करा, पण शाफ्टवर जितके आटे आहेत तितके सगळे घ्या. दोन-तीन आट्यांवरून काढलेला आकडा फसवतो. हा कागद फेकू नका, टर्नरला, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याला, तोच दाखवायचा आहे.

आता नट आणि फ्लँजचं. तुमच्या सगळ्या यादीत खरा जीवाचा प्रश्न एवढाच आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

मी विशीत असताना डिचोलीला मामाच्या वर्कशॉपात होतो. ब्लेड बदलायचं होतं. नट हलेना, म्हणून मी पान्याला हातभर पाइप घातला आणि अंगाचं वजन टाकलं. काहीतरी कर्रकन वाजलं आणि पाना मोकळा फिरला. मला वाटलं सुटला! मामा आतून आला, नट बघितला आणि म्हणाला, "सोडवत नव्हतास रे, आवळत होतास. उलटे आटे आहेत." शाफ्टचे शेवटचे चार आटे साफ गेले होते. पुढचे तीन आठवडे मशीन बंद आणि मी रंध्यावर.

तर आटे उलटे की सुलटे, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. तुम्ही काम करता तिथे उभे राहा. ब्लेडचा वरचा भाग तुमच्याकडे फिरतो. टेबल सॉ कुठलीही असो, हे ठरलेलं. नट ब्लेडच्या उजव्या अंगाला असेल तर आटे सुलटे, डाव्या अंगाला असेल तर उलटे. कारण साधं: ब्लेड चालताना नट सैल नाही, घट्ट होत राहायला हवा. म्हणून दोन्हीकडे सोडवायची युक्ती एकच. पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि स्वतःकडे ओढा, म्हणजे ब्लेड फिरतं त्याच दिशेने. याच कारणाने मोटर उलटी जोडली गेली तर सगळं गणित उलटतं आणि चालत्या मशीनवर नट सुटू लागतो. ब्लेड चढवण्याआधी नुसता शाफ्ट फिरवून दिशा बघणं याचसाठी. थ्री फेजला कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा. सिंगल फेजला स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं बदलावी लागतात, ते वाइंडरकडून करून घ्या.

पाच सुती उलट्या आट्यांचा नट तुम्हाला दुकानात मिळणार नाही, टॅपही सहसा मिळणार नाही. लेथवरच काढावा लागतो. इथे गोव्याचं एक सुदैव आहे. खाणींच्या ट्रकांसाठी आणि मांडवी-जुवारीवरच्या बार्जींसाठी डिचोली, साखळी, उसगाव या पट्ट्यात कितीतरी लेथ चालायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, तेव्हा बरेच शेड बंद झाले. पण हात शिल्लक आहेत. ज्या माणसाने बार्जीच्या पंखाच्या शाफ्टवर काम केलंय, त्याला तुमचा नट म्हणजे दुपारच्या चहापर्यंतचं काम. त्याच्याकडे फक्त नट मागायला जाऊ नका. अख्खा शाफ्ट काढून न्या. नट शाफ्टवर बसवून बघत-बघत काढला पाहिजे. वहीतल्या मापावर काढलेला नट डगडगतो. नटाची जाडी निदान शाफ्टच्या व्यासाएवढी ठेवा. धातू ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) सांगा, कोपऱ्यात पडलेला कुठला तरी गोल तुकडा नको.

फ्लँज काढताना दोन गोष्टी टर्नरला बजावून सांगा. एक, भोक आणि ब्लेडला टेकणारं तोंड एकाच पकडीत काढायचं, मध्ये चकमधून सोडवायचं नाही. सोडवून परत धरला की तोंड भोकाशी काटकोनात राहत नाही. दुसरं, तोंड सपाट नको. मध्ये थोडं खोल घेऊन बाहेरची कडाच टेकली पाहिजे, तीही आतल्या फ्लँजच्या कडेसमोर बरोबर. आतला फ्लँज शाफ्टवर आहे ना, त्याचाच व्यास घ्या. तो शाफ्टवर असतानाच त्याच्या तोंडावर डायल गेज (सुईने बारीक फरक दाखवणारं माप) लावून हाताने फिरवून बघा. सुई ०.०३ मिमी हलली तर फार वाटत नाही, पण फ्लँजची त्रिज्या ३५ मिमी आणि ब्लेडची १२७. म्हणजे दातापाशी तोच दोष साडेतीनपटीहून जास्त होऊन ०.१ मिमीवर जातो. पटाशीने तासल्यासारखी गुळगुळीत कड हवी असेल तर हे टर्नरकडेच हलका हात मारून काढा, शाफ्ट तिथे आहेच.

ब्लेडच्या भोकाचंही इथेच सांगतो. आपल्याकडे दहा इंची ब्लेडं बहुतेक २५.४ मिमी भोकाची मिळतात. तुमचा शाफ्ट पाच सुती निघाला तर मध्ये रिंग लागते. कारखान्यातून ब्लेडबरोबर येणारी रिंग चालते, टर्नरने काढलेलीही चालते, पण ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा केसभर पातळ हवी. नाहीतर फ्लँज रिंगला आवळतो आणि ब्लेड मोकळं राहतं. पत्रा गुंडाळून, टेप लावून, डबड्याची पट्टी घालून केलेली रिंग मी दोन ठिकाणी बघितली आहे. दोन्ही मशीनं मी चालू करू दिली नाहीत. बाकी यादीत हवा तेवढा जुगाड करा. नट, फ्लँज, रिंग आणि शाफ्ट यांत करू नका. वेल्डिंगचा ठिपका मारलेला नट तर नकोच.

बेअरिंग काढलीत तर कडेवरचा नंबर वाचा. ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२ मिमी. ६२०४ म्हणजे २०, ४७, १४. ६२०५ म्हणजे २५, ५२, १५. नंबर पुसला असेल तर आतलं भोक, बाहेरचा व्यास, रुंदी ही तीन मापं पुरतात. पण विलायती मशीन असेल तर सावध. पाऊण इंची विलायती बेअरिंगची मापं १९.०५, ४७.६ आणि १४.३ मिमी येतात. व्हर्निअर नीट न धरणाऱ्याला ते ६२०४ च वाटतं. मग आणलेलं ६२०४ बाहेरून घरात ढिलं पडतं आणि आतून शाफ्टवर सैल बसतं, मग लोक शाफ्टवर पंचने टिकल्या मारून ते "घट्ट" करतात. असं करू नका. इंची बेअरिंग मोठ्या बेअरिंगवाल्याकडून मागवून मिळतं, थोडे दिवस लागतात एवढंच. आपल्या हवेत रबर सीलच घ्या. पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये सागाचा बारीक भुसा आणि जूनची दमट हवा मिळून जे तयार होतं, त्याला ग्रीस म्हणवत नाही. बसवताना ठोका आतल्या कड्यावर, पाइपचा तुकडा ठेवून. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं.

पट्टा आणि पुलीसाठी मी नेहमी पिठाच्या गिरणीचे स्पेअर विकणाऱ्या दुकानात जातो. मशिनरीच्या मोठ्या दुकानापेक्षा तिथे जास्त मिळतं, आणि तो माणूस प्रश्न विचारत नाही. पट्टा वरून १३ मिमी रुंद म्हणजे ए, १७ मिमी म्हणजे बी. आकडा म्हणजे आतली लांबी इंचात. मोटर सरकायच्या खाचेत मधोमध ठेवा, दोन्ही पुल्यांवरून सुतळी फिरवा, मोजा. ३६ आलं तर "ए छत्तीस" मागा. पट्टा पुलीच्या खाचेच्या तळाला टेकता कामा नये. तो दोन्ही बाजूंच्या उतारावर पकडतो.

मोटरवर कुठली पुली? आधी मोटरची पाटी वाचा. आपल्याकडच्या विजेवर दोन पोलची मोटर २८८० च्या आसपास फिरते, चार पोलची १४४०. दहा इंची ब्लेड साधारण ४००० फेऱ्यांवर चांगलं कापतं; दाताचा वेग तेव्हा सेकंदाला ५३ मीटर होतो. तुमच्या शाफ्टवरची पुली तीन इंची असेल तर मोटरवर चार इंची लावा. २८८० गुणिले ४ भागिले ३ म्हणजे ३८४०. छान. पण १४४० ची मोटर असेल तर त्याच पुल्यांवर फेऱ्या येतात १९२०. मशीन सुरू होतं, आवाज गोड येतो, आणि मत्तीची फळी ढकलली की जळतं. लोक मग ब्लेडला शिव्या घालतात, धार लावून आणतात, परत जळतं. भरपाईला आठ इंची पुली लावावी म्हटलं तर बहुतेक वेळा ती टेबलाखाली मावत नाही. सरळ मोटर बदला. ती चार पोलची मोटर पंपाला किंवा भात कांडायच्या गिरणीला जाईल. तारवट्याची अमेरिकन मशीन असेल तर पाटीवर ३४५० दिसेल, तो आकडा ६० हर्ट्झचा. आपल्या ५० वर ती पाच षष्ठांशच फिरणार, हे धरून पुली काढा. आणि ब्लेडवर छापलेल्या कमाल फेऱ्यांच्या वर कधीच जाऊ नका. पुली बिडाची घ्या. ॲल्युमिनिअमची हलकी असते, पण चावीचा गाळा काही महिन्यांत खाऊन जातो.

मोडक्या चाकाची मात्र गंमत आहे. मी एकदा अशाच चाकासाठी ओतकाम करून आणायला निघालो होतो. वाटेत रायबंदरच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे बार्जीतून काढलेले गनमेटलचे व्हॉल्व्ह पडले होते, त्यांची चाकं पाच-सहा इंची, कडा हाताला लागून गुळगुळीत झालेल्या. एक वजनावर घेतलं. अडचण एकच: व्हॉल्व्हच्या चाकाचं भोक चौकोनी आणि उतरतं असतं. टर्नरने ते गोल करून आत लोखंडी बुश ठोकला, आडवा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) दिला. कडेवर एक भोक पाडून सागाची मूठ लावली. पंधरा वर्षं झाली, मूळ चाकापेक्षा ते बरं चालतं, आणि खाऱ्या हवेत गंजतही नाही. तुमचं चाक बिडाचं आहे आणि तुकडा हाताशी असेल तर ब्रेझिंगनेही जुळेल. बिडाला साधा वेल्डिंग रॉड लावू देऊ नका. वेल्डिंगच्या शेजारीच नवी चीर जाते. आधी सगळा भाग गरम करायचा, पितळेने जोडायचा, आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा.

खरंच ओतून घ्यायची वेळ आली, म्हणजे कोन बदलायचा कंस वगैरे फुटला, तर चोर्ला घाट चढून बेळगाव. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. तुम्ही सुतार असल्यामुळे अर्धं काम तुमच्याच हातात आहे: लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, स्वतः करा. बीड निवताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणजे ३०० मिमीच्या भागाला ३ मिमी जास्त धरा. जिथे मशीनवर तासायचं आहे तिथे आणखी ३ मिमी. कडांना दीड-दोन अंश उतार द्या, नाहीतर पॅटर्न वाळूतून निघताना साचा मोडतो. फुटका भागच पॅटर्न म्हणून देणारे खूप भेटतात. तो ओतून येतो तेव्हा मूळ मापाहून लहान येतो आणि तासायला काही उरत नाही. फुटका भाग वापरायचाच असेल तर पुट्टी लावून वाढवा.

राहिलेली यादी सगळी सुतारकामाची आहे, तिथे तुम्हाला मी काय शिकवणार. तरी दोन-चार गोष्टी.

इन्सर्ट पट्टीला मी १२ मिमी मरीन प्लाय किंवा हायलमची (बेकेलाइटसारखी कडक) शीट घेतो. टेबलातला खाचेचा आकार कागदावर पेन्सिलने घासून उतरवा, आट्यांसारखाच. पट्टीच्या चार कोपऱ्यांत ६ मिमीचे ग्रब स्क्रू द्या म्हणजे ती टेबलाशी सपाट करता येते. मागच्या टोकाला एक खिळ्याएवढी पिन बाहेर ठेवा, ती टेबलाच्या कडेखाली अडकली पाहिजे. ब्लेडचा मागचा भाग वर चढताना पट्टी उचलतो. फट पाडताना पट्टीवर आडवी जाड फळी क्लॅम्प करा आणि चालतं ब्लेड हळूहळू वर आणा. हाताने दाबून धरू नका. ब्लेड पूर्ण खाली घेऊनही पट्टीला टेकत असेल तर खालून पटाशीने थोडी खाच मारा.

फेन्सला ॲल्युमिनिअमच्या खिडक्या-पार्टिशनवाल्यांकडे जा. गोव्यात प्रत्येक नाक्यावर एक आहे. चार बाय पावणेदोन इंचाच्या पार्टिशन सेक्शनचे उरलेले तुकडे त्यांच्याकडे कोपऱ्यात उभे असतात. बाजारातल्या अर्ध्याअधिक जुन्या फेन्सपेक्षा ते सरळ असतात. तरी घेताना दोन तुकडे पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरून बघा. टेबलाच्या पुढच्या कडेला ५० मिमीची चौकोनी एमएस (साध्या लोखंडाची) ट्यूब आणि तिच्यावर सरकणारा टी. टीची आडवी पट्टी निदान एक फूट लांब ठेवा, नाहीतर फेन्सचं मागचं टोक डुलतं. काटकोन गुण्याने नाही, टेबलातल्या मायटरच्या खाचेवरून लावायचा. ब्लेडही त्याच खाचेला समांतर करायचं. फेन्सचं मागचं टोक ब्लेडपासून कागदाच्या जाडीएवढं दूर गेलं तर चालेल, जवळ आलेलं चालणार नाही. तिथेच लाकूड अडकून उलटं येतं.

मायटर गेज शोधत बसू नका, त्यापेक्षा स्लेज करा, म्हणजे खाचेतून सरकणारी फळी, जिच्यावर लाकूड ठेवून कापायचं. खाच १९ बाय साडेनऊ मिमी असेल तर पाऊण बाय तीन अष्टमांशाची ब्राइट बार कानशीने घासून बसते. लाकडाची पट्टी घातलीत तर पावसात फुगून खाचेतच अडकून बसेल. नायलॉनची पट्टी बरी. स्लेज काटकोनात आहे का हे बघायला एका प्लायच्या चौकोनाच्या चारही बाजू एकामागून एक, नुकतीच कापलेली बाजू स्लेजच्या फेन्सला लावत कापा. पाचव्यांदा पहिल्या बाजूचीच एक पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकं व्हर्निअरने मापा. जो फरक येईल त्यात चुका चारपट साठलेल्या असतात. अर्धा मिमी फरक आला तर खरी चूक त्या लांबीत ०.१२.

ब्लेडच्या मागची सुरी, रायव्हिंग नाइफ, ही तुमच्या यादीत नव्हती. बहुधा त्या मशीनला कधी नव्हतीच. मी ती गार्डच्या आधी लावतो. आपल्याकडची मत्ती, किंदळ नीट वाळलेली नसते. अर्धी कापली की फळीचे दोन्ही भाग मिटतात, ब्लेडचा मागचा भाग दाबतात, आणि अख्खी फळी तुमच्या पोटावर येते. सुरीची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी. पत्रा २.२ आणि काप ३.२ असेल तर अडीच मिमी. हॉटेलांची किचन बनवणारे स्टेनलेसवाले अडीचची शीट कापून देतात. दातांपासून ती ३ ते ८ मिमीवर राहावी. ब्लेडबरोबर वर-खाली होणारा कंस जमला तर उत्तम. नाहीच जमला तर इन्सर्ट पट्टीला पक्का केलेला उभा स्प्लिटर तरी लावा. गार्डला पॉलिकार्बोनेटची भरीव शीट घ्या, अंगणावरच्या छपरांचं काम करणाऱ्यांकडे तुकडे मिळतात. ॲक्रिलिक नको, ते तुकडे होऊन उडतं.

आणि भिंतीवरचा साधा पिआनो स्विच लावून मशीन चालवू नका. पंपाला लावतात तो लाल-हिरव्या बटणांचा डीओएल स्टार्टर घ्या. पावसात वीज जाते, तुम्ही ब्लेडवरचा भुसा झाडायला वाकता, आणि वीज परत येते. साधा स्विच असेल तर ब्लेडही परत येतं. स्टार्टरमधली कॉइल वीज जाताच सुटते, परत हिरवं दाबेपर्यंत मशीन मेलेलं राहतं. ओव्हरलोडचा काटा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा, अर्थिंग तपासा.

मशीन सोडून द्यायची वेळही कधी येते. शाफ्ट धरणारं बिडाचं घर फुटलं असेल, किंवा वर-खाली करायचे दातेच निम्मे गेले असतील आणि दुसरं कुठलं मशीन नमुन्यालाही नसेल, तर टेबल ठेवून घ्या, रंध्याला उपयोगी पडेल, बाकी वजनावर द्या. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

टर्नरकडे जायचं तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस टाळा. तेव्हा तो दुसऱ्याच्या गिरण्या नि पंप दुरुस्त करत असतो आणि तुमचा नट घाईत काढेल. सगळं जुळून आलं की पहिल्यांदा ब्लेडशिवाय दहा मिनिटं चालवा. बेअरिंगचं घर हाताला कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर थांबा. मग ब्लेड चढवा, बाजूला उभे राहून चालू करा, बंद करा. नट आणि शाफ्टवर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. ब्लेड थांबताना नट सैल व्हायला बघतो. पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक वेळी मशीन थांबलं, की प्लग काढून ती रेघ तुटलीय का बघा.